ट्रकपुढचा पुरुष, ओट्यापुढचा पुरुष

रात्रीचा रस्ता. समोरून भरधाव ट्रक येतोय आणि दिसायला अगदी चारचौघांसारखा, बेचाळिशीचा एक माणूस धावत जाऊन त्याच्या वाटेत उभा राहतो. ब्रेक करकचून लागतात. ट्रक त्याच्यापासून वीतभर अंतरावर थांबतो आणि तो ओरडतो, ‘मी मरणार नाही! माझं तुमच्यावर प्रेम आहे, म्हणून मी मरणार नाही!’

१९९१ साली फुजी टीव्हीवर लागलेल्या ‘१०१वी मागणी’ या मालिकेतला हा प्रसंग जपानमध्ये आजही लोकांना तोंडपाठ आहे. होशिनो तात्सुरोला ९९ स्थळांनी नकार दिलाय. शंभरावं स्थळ म्हणजे याबुकी काओरू, चेलो वाजवणारी. तिचा होणारा नवरा अपघातात गेलेला, त्यामुळे पुन्हा कोणावर जीव लावायची तिला भीती वाटते. तिची भीती घालवायला तात्सुरो ट्रकपुढे उभा राहतो. ताकेदा तेत्सुयानं हे काम असं काही केलंय की कितीही वेळा बघितलं तरी माझ्या डोळ्यांत पाणी येतं.

पण पाणी पुसून झालं की एक प्रश्न उरतो. लग्न झाल्यावर, एखाद्या साध्यासुध्या मंगळवारी संध्याकाळी, हा तात्सुरो घरी काय करतो? मालिका तिथवर जातच नाही. शेवटच्या भागात काओरू रात्री लग्नाच्या पोशाखात त्याच्या कामाच्या जागी येते, तो खाली पडलेला बोल्टचा एक नट उचलतो, अंगठी म्हणून तिच्या बोटात घालतो आणि गोष्ट संपते. त्या काळच्या मालिकांत पुरुषाचं प्रेम असं एकदाच, एका प्रसंगात, जीव पणाला लावून सिद्ध व्हायचं. रोजच्या रोज काही सिद्ध करायची वेळ त्याच्यावर यायचीच नाही.

जपानी मालिकांतला पुरुष बदलला तो नेमका इथे, असं मला ठामपणे वाटतं. पूर्वीचे पुरुष कणखर होते आणि आताचे हळवे झाले, असं सर्रास म्हटलं जातं. ते मला पटत नाही. रडणारे, अडखळणारे, बोलताना शब्द हरवणारे पुरुष तेव्हाही होते, तात्सुरो स्वतःच त्यातला. फरक पडला तो त्याच्याकडून काय मागितलं जातं यात. आता त्याच्याकडे रोजचं माणूसपण मागितलं जातं: भांडी, औषधं, मुलाचा ताप, बायकोचं न बोललेलं दुखणं.

त्याआधीचा पुरुष बघायचा असेल तर १९७४ सालच्या ‘तेराउची कान्तारो आणि घरची मंडळी’कडे जावं लागतं. मुकोदा कुनिको या विलक्षण लेखिकेची मालिका. तोक्योच्या जुन्या यानाका भागातला एक आडदांड पाथरवट, तोंडानं कमी आणि हातानं जास्त बोलणारा. दर भागात बापलेकाची मारामारी ठरलेली, दारं-खिडक्या मोडेपर्यंत. एका चित्रीकरणात मुलाचं काम करणाऱ्या साइजो हिदेकीचा हात खरोखरच मोडला होता. बापाची भूमिका करणारा कोबायाशी आसेइ हा मुळात नट नव्हता, संगीतकार होता; त्याचं भलंमोठं शरीर हाच त्याचा अभिनय. लोकांनी या कान्तारोवर मनापासून प्रेम केलं. घर त्याच्याभोवती फिरायचं, आणि तो रागावला की बाकीच्यांनी सावरून घ्यायचं. मुकोदांनी त्याच्या रागाखालची माया फार बारकाईनं लिहिलीय, तरीही आज बघताना माझी नजर सावरून घेणाऱ्या बाईकडेच जाते.

नव्वदच्या दशकात चित्र झपाट्यानं हललं. १९८५ साली समान रोजगार संधीचा कायदा मंजूर झाला, पुढच्या वर्षी तो लागू झाला, आणि स्वतःचा पगार, स्वतःचं घर असलेली नायिका पडद्यावर आली. उच्च शिक्षण, उच्च पगार, उंच शरीर असा नवरा हवा, अशी चैनीच्या काळातली मागणी होती. मग जमिनीचे आणि शेअरचे फुगलेले भाव कोसळले, आणि कंपनी आयुष्यभर पोसेल हा भरवसाही हलला. ‘तोक्यो लव्ह स्टोरी’तली रिका मनातलं सरळ बोलून टाकते आणि एहिमेहून आलेला कान्जी शेवटपर्यंत घुटमळत राहतो. १९९२ साली टीबीएस वाहिनीवर आलेल्या फुयुहिकोनं, आईच्या पदराबाहेर न पडलेल्या नवऱ्यानं, घराघरांत धडकी भरवली. इतकी की त्याचं नावच अशा मुलांसाठी वापरलं जाऊ लागलं. २००० साली ‘ब्यूटिफुल लाइफ’मध्ये किमुरा ताकुया केस कापणारा झाला, आणि केशकर्तनाच्या धंद्याकडे तरुण मुलं वळली. चाकाच्या खुर्चीतल्या नायिकेचे केस तो ज्या काळजीनं हाताळतो, त्यात पुढच्या बदलाची चाहूल होती. तरी ते हात होते सलूनमधलेच. घरातल्या ओट्यापर्यंत पोचायला त्यांना अजून वेळ होता.

आणि पोचले तेही निमित्तानं! ही गोष्ट माझ्या लक्षात आली तेव्हापासून मी प्रत्येक मालिकेत ते निमित्त शोधते. २००४ सालची ‘ॲट होम डॅड’ घ्या. आबे हिरोशीचा नायक जाहिराती करणारा. बाईनं घर सांभाळावं असं ठाम मत असलेला. नवं घर घेतो आणि नोकरी जाते, म्हणून तो घर सांभाळतो. निमित्त: बेकारी. २०११ सालच्या ‘मारुमोचे नियम’मध्ये एकटा राहणारा माणूस जुळ्या मुलांना वाढवतो, कारण त्यांचा बाप, त्याचा जवळचा मित्र, वारलाय. त्याच वर्षीच्या ‘घरकामवाली मिता’मध्ये चार मुलांचा बाप घराकडे बघायला लागतो, कारण बायकोनं जीव दिलाय. त्याच्या तोंडी एक कबुली आहे, की मुलांवर प्रेम करता येईल असा भरवसाच मला वाटत नाही. एका जपानी बापानं हे वाक्य प्राइम टाइममध्ये, आपल्याच लेकरांबद्दल उच्चारावं, याचा मला तेव्हा धक्का बसला होता. ती मालिका घराघरांत पाहिली गेली, शेवटच्या भागाला ४० टक्के प्रेक्षक होते. तरीही निमित्त मृत्यूचंच. २०२० सालच्या ‘गोकुशुफुदो’त पूर्वीचा याकुझा, म्हणजे टोळीतला गुंड, ॲप्रन बांधतो, तिथे निमित्त विनोदाचं. जणू धडधाकट, नोकरी असलेल्या, बायको जिवंत असलेल्या पुरुषानं स्वयंपाकघरात शिरायचं तर आधी काहीतरी कोसळायलाच हवं.

म्हणूनच २०१९च्या एप्रिलमध्ये टीव्ही तोक्योवर सुरू झालेली ‘काल काय खाल्लंस?’ ही मालिका मला एवढी जवळची वाटते. योशिनागा फुमी यांची मूळ मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, २००७पासून चालू आहे. काकेइ शिरो वकील, याबुकी केन्जी सलूनमध्ये केस कापणारा; दोघे मध्यमवयीन, एकत्र राहणारं जोडपं. निशिजिमा हिदेतोशी आणि उचिनो सेइयो या दोन कसलेल्या नटांनी त्यांची कामं केली आहेत. शिरो संध्याकाळी सहाला ऑफिसातून उठतो, कारण सुपरमार्केट गाठायचंय. महिन्याच्या खाण्यापिण्याचा खर्च २५,००० येनमध्ये बसवायचा हा त्याचा नेम. एक आख्खं कलिंगड दोघांना जास्त होतं, म्हणून दुकानात भेटलेल्या एका अनोळखी बाईशी तो ते वाटून घेतो आणि त्यातून घरोबा जमतो. स्ट्रॉबेरी स्वस्त मिळाल्या की जॅम करतो. कॅमेरा त्याच्या हातांवर असतो: काय आधी चिरायचं, कुठल्या शेगडीवर काय ठेवायचं, सगळे पदार्थ एकाच वेळी तयार कसे होतील. रोजचा स्वयंपाक म्हणजे डोकं चालवायचं काम आहे, हे दाखवताना या मालिकेला संगीत वाढवावं लागत नाही.

पुण्यात जपानी शिकणाऱ्या प्रत्येकाला कोणी ना कोणी सांगतंच, की ऐकायचा सराव करायचा असेल तर मालिका बघ. मीही तशीच लागले, आणि ही मालिका बघताना आई शेजारी येऊन बसायची. भाषा तिला येत नाही, सबटायटल वाचायचा तिला कंटाळा. ती फक्त बघायची. एकदा म्हणाली, ‘हा भाव बघून घेतो गं. उरलेल्याचं काय करायचं तेही याच्या डोक्यात असतं.’ दोन पुरुषांचा संसार बघून ती काय म्हणेल याची मला थोडी धाकधूक होती. त्याबद्दल ती अवाक्षर बोलली नाही. तिनं शिरोला पारखलं ते उरलेल्या मुळ्यावरून आणि फ्रिजमध्ये लावलेल्या डब्यांवरून, घर चालवणारं माणूस घर चालवणाऱ्या माणसाला पारखतं तसं. बाबांनी कधी कोथिंबीर निवडल्याचं मला आठवत नाही. ते वाईट नव्हते. त्यांच्याकडून ते कोणी मागितलंच नव्हतं.

या मालिकेत केन्जीचंही एक दुखणं आहे. सलूनमधल्या एका गिऱ्हाइकाला त्यानं सांगितलेलं असतं की माझा जोडीदार वकील आहे. हे कळल्यावर शिरो भडकतो, कारण ऑफिसात त्याच्याबद्दल कोणाला काही ठाऊक नाही. केन्जी म्हणतो, बाकीचे सगळे आपल्या बायकोबद्दल, मुलांबद्दल बोलतात, मग मी ज्याच्याबरोबर राहतो त्याच्याबद्दल मी का बोलायचं नाही? उचिनो सेइयो हे बोलताना आवाज चढवत नाही, चेहरा फक्त लहान मुलासारखा होतो. घरात एवढा निपुण असलेला शिरो याबाबतीत फार भित्रा आहे, आणि मालिका त्याला त्याबद्दल सोडत नाही. चांगला स्वयंपाक करणारा पुरुष म्हणजे चांगला पुरुष, असं सोपं समीकरण ती मांडत नाही, म्हणून मी तिला मोठी मानते.

पण इथेही घरात बाई नाहीच, म्हणजे काम करायला आयतं दुसरं कोणी नाही. बाई घरात असताना, पुरुषाची नोकरी चालू असताना काय? हा प्रश्न सरळ हातात घेतला तो २०१६ सालच्या ‘पळून जाणं लाजिरवाणं, पण कामाचं’ या मालिकेनं, जिला जपानमध्ये सगळे ‘निगेहाजी’ म्हणतात. उमिनो त्सुनामी यांची मांगा, नोगी आकिको यांची पटकथा. हिरामासा ३६ वर्षांचा इंजिनिअर, मुलींच्या वाऱ्यालाही न उभा राहिलेला. मिकुरी उच्चशिक्षित पण नोकरी नाही. ती त्याच्याकडे पगारावर घरकाम करते, आणि पुढे दोघे करार करून लग्न केल्याचं दाखवतात: तो मालक, ती नोकर. गृहिणीच्या वर्षभराच्या बिनपगारी कामाची किंमत ३०,४१,००० येन होते, हा हिशेब मालिकेत चक्क मांडलेला आहे.

मग दोघे खरोखर प्रेमात पडतात. हिरामासा मागणी घालतो, आणि अगदी प्रामाणिकपणे, आकड्यांनिशी समजावतो की रीतसर लग्न केलं तर तुझा पगार वाचेल, ते पैसे शिलकीत जातील. इतर कुठल्याही मालिकेत इथे व्हायोलिन वाजलं असतं. मिकुरी मात्र विचारते, म्हणजे माझं प्रेम आहे म्हणून मी फुकट राबायचं? ही प्रेमाची पिळवणूक आहे. मिकुरी झालेल्या आरागाकी युइचा चेहरा हसरा आणि शब्द हे असे. हिरामासा वाईट माणूस नाही, उलट फार भला आहे, तिला मान देणारा आहे. भल्या पुरुषालाही जे दिसत नाही ते त्याला दाखवायचं, आणि तरी त्याला खलनायक करायचं नाही, हे नोगी आकिकोंनी साधलंय. पुढे दोघे घराचे बरोबरीचे चालक होतात, बैठका घेतात, कामं वाटतात, आणि वाटलेल्या कामांवरून कुरबुरतातही. त्या कुरबुरी मला त्यांच्या पहिल्या मिठीपेक्षा जास्त खऱ्या वाटल्या.

२ जानेवारी २०२१ला या मालिकेचा खास भाग आला. मिकुरीला दिवस गेलेत. हिरामासा म्हणतो, मी सर्व शक्तीनिशी तुला साथ देईन. त्यावर ती म्हणते, साथ नको. मलाही पहिल्यांदाच मूल होतंय, दोघं मिळून शिकू आणि दोघं मिळून आईबाप होऊ. हिरामासा मूल सांभाळायला रजा मागतो तेव्हा कामावर भुवया उंचावतात. २०१०पासून सरकारनं मुलं सांभाळणाऱ्या बापांचं कौतुक करणारी मोहीम काढलेली होती, पण कौतुक आणि रजा यांत अंतर असतं. १९९६ साली जपानमध्ये अशी रजा घेणारे पुरुष ०.१२ टक्के होते. २०२२पासून कायदा बदलला, बाळ जन्मल्याबरोबर घ्यायची बापाची खास रजा आली, आणि २०२४ साली हा आकडा ४०.५ टक्क्यांवर गेला. मालिकेमुळे कायदा बदलला असं मी म्हणणार नाही. पण रजा मागताना काय ऐकावं लागतं, ते त्या एका रात्री लाखो लोकांनी आपापल्या आईवडिलांबरोबर बसून बघितलं, याची किंमत मला मोठी वाटते.

२०२० साली आलेल्या ‘माझा घरकामवाला नागिसा’बद्दल मात्र माझी तक्रार आहे. ओमोरी नाओनं साकारलेला पन्नाशीचा नागिसा लहानपणापासून म्हणत आलेला असतो की मला आई व्हायचंय. किती सुंदर कल्पना! औषधकंपनीत धावपळ करणाऱ्या मेइचं विस्कटलेलं घर तो पगार घेऊन, अतिशय आदबीनं लावून देतो. आणि शेवटी दोघांचं लग्न लावून दिलंय. मिकुरीचा प्रश्न तिथे कोणी विचारला नाही. नागिसाच्या कामाचा पगार कुठे गेला? त्या दोघांना चांगली मालकीण आणि चांगला कामगार राहू दिलं असतं तर ती मालिका कितीतरी धीट झाली असती.

हा प्रवास सरळ रेषेतला नाहीच. २०१३ साली बँकेतला हान्झावा नाओकी दुप्पट सूड उगवत, वरिष्ठाला गुडघ्यांवर आणून माफी मागायला लावत ४२.२ टक्के प्रेक्षक खेचत होता, आणि त्याची बायको घरी त्याला बळ देत होती. २०२४च्या सुरुवातीला कुदो कान्कुरोंनी १९८६ सालच्या तोंडाळ, हात उगारणाऱ्या पीटीच्या मास्तराला बसमध्ये बसवून थेट २०२४मध्ये आणलं. जुन्या काळाबद्दलची त्या मालिकेतली ओढ मला काही ठिकाणी बोचली, पण मुलीवर जीव टाकणारा तो बाप आबे सादाओनं इतक्या जिवंतपणे उभा केला की तो मनातून जातही नाही.

त्याच वर्षी एनएचके या सार्वजनिक वाहिनीच्या सकाळच्या मालिकेत, ‘तोरा नि त्सुबासा’त, तोदोरोकी नावाचा कायद्याचा विद्यार्थी भेटला. ऊठसूट मर्दपणाच्या गोष्टी करणारा, मुलींनी कायदा शिकावा हे न पटणारा. वर्गातल्या मुलींना जवळून पाहिल्यावर तो मित्राला म्हणतो, की मी ज्याला मर्दपण समजत होतो, ती ताकद, ती माया या मुलींमध्येच आहे. कदाचित त्याचा पुरुष असण्याशी मुळी संबंधच नसेल. सकाळी आठ वाजता, न्याहारीच्या वेळी, देशभरच्या घरांत हे बोललं गेलं. लेखिका योशिदा एरिका. हिनंच त्याआधी ‘प्रेमात न पडणारे दोघे’ लिहिली होती, जिच्यात सुपरमार्केटमध्ये काम करणारा, भाज्यांवर जीव असलेला एक शांत पुरुष आहे, आणि तो कोणाच्या प्रेमात पडतच नाही. ‘तोरा नि त्सुबासा’च्या नायिकेचा, तोराचा, नवरा युझो लढाईवर जाताना तिला सांगतो, की तुला आवडेल तसं तू जग. तो परत येत नाही. ट्रकपुढे उभं राहण्याइतकंच हे धाडस आहे, आणि तात्सुरोसारखं ओरडून नाही, अगदी हळू बोललेलं.

आणि आता कात्सुओ. २०२५च्या ऑक्टोबरमध्ये टीबीएसवर सुरू झालेली ‘मग तूच करून बघ ना’. मूळ मांगा तानिगुची नात्सुको यांची. ताकेउची र्योमाचा कात्सुओ देखणा, नोकरीत पुढे असलेला. बरोबर राहणारी आयुमी रोज रांधून वाढते आणि तो जेवता जेवता, अगदी सद्भावनेनं, सुचवतो की चव छान आहे, फक्त सगळ्याच पदार्थांचा रंग जरा तपकिरी झालाय. तो लग्नाची मागणी घालतो. ती म्हणते, नाही जमणार. त्याला कारण कळत नाही. ऑफिसात एक धाकटा सहकारी त्याला सुचवतो, मग स्वतः करून बघा की. तो चिकुझेन्नी करायला घेतो: कोंबडी, कमळकाकडी, गाजर, गोबो नावाचं मूळ, अळकुड्या असं सगळं घालून केलेला घरगुती पदार्थ. सोलायचं, निरनिराळं चिरायचं, मुळांचा उग्रपणा घालवायला पाण्यात ठेवायचं. पुन्हा पुन्हा तो मोबाइलवर कृती वाचतो. वेळ जात राहतो. शेवटी जे ताटात येतं ते तपकिरी असतं. आयुमी रोज काय करत होती हे त्या क्षणी त्याच्या हातांना कळतं आणि त्याचा चेहरा बदलतो. इथे कोणी मेलेलं नाही, नोकरी गेलेली नाही. आयुमीला परत मिळवण्याची ही खात्रीची युक्तीही नाही. जे निमित्त मी इतकी वर्षं शोधत होते त्याचं नसणं मला पहिल्यांदा इथे इतकं स्वच्छ दिसलं.

तरी एक भिंत शिल्लक आहे. २०२१च्या सरकारी पाहणीत, सहा वर्षांखालचं मूल असलेल्या जपानी घरात नवरा घरकाम आणि मुलांसाठी दिवसाला १ तास ५४ मिनिटं देतो आणि बायको ७ तास २८ मिनिटं. २०२५च्याच ‘पैलतीरावरचं घरकाम’मध्ये डीन फुजिओकाचा सरकारी अधिकारी बाळासाठी रजेवर आहे, पण नायिका शिहोचा नवरा इझाकायाचा, म्हणजे खाण्यापिण्याच्या जपानी बारचा, मॅनेजर आहे. प्रेमळ, हसतमुख, आणि रात्री उशिरा घरी येणारा. त्याला सुधारायला कुठली चिकुझेन्नी पुरणार? त्याचा दोष स्वभावात नाही, वेळापत्रकात आहे. २०१९ साली ‘मी वेळेवर घरी जाणार’ या मालिकेत सहाच्या ठोक्याला ऑफिसातून उठणारी होती ती नायिका, आणि कामापायी जिच्याशी ठरलेलं लग्न ज्यानं गमावलं तो तिचा वरिष्ठ तानेदा रात्र रात्र टेबलाशी बसलेला. मला आता मालिका हवी आहे ती या तानेदाची आणि त्या इझाकायावाल्याची: ओट्यापर्यंत पोचायची इच्छा असलेल्या, पण ज्याला मालक सहाला सोडत नाही अशा पुरुषाची. आणि ती नोगी आकिकोंनी लिहावी.